फोटोदुरुस्तीच्या दोन वह्या

आमचे हे, म्हणजे हणमंत शेवाळे, हवामान खात्यातून रिटायर झाले आणि पुढचे तीन महिने माझ्या स्वयंपाकघरात उभे राहिले. फोडणीत जिरं किती टाकतेस, गॅस इतका मोठा का, कुकरची शिट्टी मोजलीस का. कराडहून निघालेला हा माणूस भोपाळ, नागपूर करत जयपूरला येऊन जवाहर नगरात सेक्टर चारमध्ये स्थिरावला होता. आयुष्यभर ढग मोजले आणि आता शिट्ट्या मोजत होता. मी वैतागून गेले होते.

मला सोडवलं अनुयानं. आमची लेक लग्न होऊन हैदराबादला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर आणि स्कॅनर इथेच राहिला होता. त्यात फोटोशॉप होतं. एका रविवारी तिनं फोनवरून बापाला शिकवायला सुरुवात केली आणि माझं स्वयंपाकघर रिकामं झालं.

शिकणं म्हणजे काय, रोज एक नवी गंमत. पहिल्या आठवड्यात यांनी अकरा जुन्या फोटोंवरचा एक बारीक केस मोठ्या चिकाटीनं पुसला. सगळ्या फोटोंत केस एकाच जागी. बाराव्या फोटोला मी म्हणाले, "अहो, तो केस तुमच्या स्कॅनरच्या काचेवर असेल." होताच. मग एक दिवस मशीन अडून बसलं, स्क्रॅच डिस्क भरली म्हणून सांगायला लागलं. यांनी दोन दिवस डिस्क कुठे मिळते ते विचारत राजापार्कचा अख्खा बाजार पालथा घातला. शेवटी अनुयानं सांगितलं, "बाबा, मतलब कॉम्प्युटरमध्ये रिकामी जागाच उरली नाही. माझी जुनी गाणी उडवा." पडद्यावर छान दिसणारा फोटो लॅबमधून काळवंडून यायचा, तेव्हा हे लॅबवाल्याशी भांडून यायचे. दोष आपल्याच पडद्याचा, त्याचा उजेड फार वाढवून ठेवलाय, हे कळल्यावर परत जाऊन "माफ करना भैया" म्हणून आले.

प्रत्येक चूक एका वहीत लिहून ठेवायची, ही ऑफिसची सवय. आधी काच पुसणे. पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवणे. दर दहा मिनिटांनी सेव्ह करणे, वीज सांगून जात नाही. वही फुगत गेली आणि यांचं नावही होत गेलं. जयपुरातल्या मराठी घरांतून कुणाचे आजोबा, कुणाची बारशाची पंगत, असे फाटके-तुटके फोटो आमच्याकडे यायला लागले. हे ते नवे करून द्यायचे आणि चहा पिताना लोकांच्या तोंडाकडे बघत बसायचे, कौतुक निसटू नये म्हणून.

आमच्यापासून दहा मिनिटांवर, सेक्टर सातमध्ये मनोहर देवस्थळी राहायचे. बँकेत होते, शेवटची बदली जयपूरजवळच्या चौमूंला झाली आणि मग इथेच राहिले. यांचे एवढे एकच मित्र. रोज संध्याकाळी दोघं पार्कला तीन चकरा मारायचे. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. देवस्थळीभावजींनी यांच्या हातात एक पाकीट ठेवलं. आत लग्नानंतर आठ दिवसांनी सांगलीच्या स्टुडिओत काढलेला फोटो. ते खुर्चीत, रत्नप्रभावहिनी बाजूला उभ्या, खुर्चीच्या पाठीवर हात. चौमूंच्या घरात ट्रंकेत राहून फोटोला बुरशी लागली होती. सगळीकडे काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे.

"शेवाळे, एवढा एकच आहे," भावजी म्हणाले. "मोठा करून द्या. हिला सांगू नका."

यांनी चार दिवस एकेक ठिपका हातानं पुसला. तेच बरोबर होतं. पाचव्या दिवशी कंटाळले. फोटोशॉपमध्ये धूळ आणि ओरखडे घालवणारा एक फिल्टर असतो. बारीक ठिपका दिसला की आजूबाजूचा रंग आत ओढून तो बुजवतो. किती मोठा ठिपका बुजवायचा तो आकडा आपण द्यायचा. एक-दोन दिला तर धूळ जाते. यांनी आठ दिला, तोही सबंध फोटोला. एका क्षणात सगळा फोटो स्वच्छ झाला. हे इतके खूश झाले की मला पीठ मळताना हाताला धरून बघायला नेलं. मी बघितलं. मीही म्हणाले, "अगंबाई, काय सुंदर झालाय!" हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर मी सगळं यांच्यावर ढकललं.

फोटो मोठा केला, फ्रेम केला, लग्नाच्या वाढदिवसाला दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजींनी यांना मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कपाटावर चिकटवलेली त्या फोटोची लहान प्रत बघता बघता मी यांना हाक मारली.

"अहो," मी म्हणाले, "वहिनींच्या कपाळाला कुंकू कुठंय?"

नव्हतं. कपाळ कोरं होतं. मंगळसूत्राचे मणीही जाऊन तिथे नुसती करडी रेघ राहिली होती. काळ्या-पांढऱ्या फोटोत कुंकू म्हणजे एक काळा ठिपकाच, आणि यांनी सगळे ठिपके पुसले होते. चाळीस वर्षं संसार केलेल्या सवाष्णीला आम्ही तिच्या लग्नाच्या वाढदिवशी कोऱ्या कपाळाचा फोटो भेट दिला होता, आणि वर लाडू खाऊन आलो होतो.

"मूळ स्कॅनवरच काम केलं गं मी. त्याच्यावरच सेव्ह केलं," हे म्हणाले. वहीत पहिल्या पानावर अनुयानं सांगितलेलं लिहिलेलं होतं, आधी प्रत काढावी, मग प्रतीवर काम करावं. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. ब्रश घेतला, कपाळावर ठिपका ठेवला, मणी काढले. लॅबमधून नवा फोटो आणला. आता सेक्टर सातमध्ये जायचं, चूक झाली म्हणायचं आणि फोटो बदलून यायचं. बास. पण आम्ही आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. एवढी मिठी मारलेल्या माणसाला काय सांगायचं, असं हे म्हणायचे. मला तर वहिनींसमोर उभं राहायचीच लाज वाटत होती. नव्या फोटोचं पाकीट कपाटावर पडून राहिलं.

आठव्या दिवशी देवस्थळीभावजींना हार्ट अटॅक आला.

माझ्या मनात काय आलं ते सांगायला नको. यांना मी ते बोलूनही दाखवलं. "असलं काही नसतं," हे ओरडले. हवामान खात्यातला माणूस, असलं मानणारा नव्हे. पण त्यानंतर चार दिवस यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. हॉस्पिटलमध्ये गेलो ते इथल्या मराठी मंडळातल्या लोकांबरोबर, त्यांच्या मागे उभे राहिलो आणि त्यांच्याबरोबरच निघालो.

भावजी घरी आले आणि मग फोन सुरू झाले.

"वहिनी, शेवाळे आहेत का? फोटोबद्दल जरा काम होतं."

हे समोरच बसले होते. हातानं नको नको करत होते. मी म्हणाले, "जगतपुऱ्याला गेलेत." जगतपुऱ्यात आमचं कोणी नाही. दुसऱ्या वेळी झोपलेत म्हणाले. भाजी आणायला आम्ही सेक्टर सातच्या बाजूनं जाणं सोडलं, लांबच्या रस्त्यानं जायला लागलो. संध्याकाळच्या चकरा बंदच झाल्या. फोटोबद्दल काम म्हणजे दुसरं काय असणार? त्यांच्या लक्षात आलंय, आता ते विचारणार, असंच आम्ही धरून चाललो होतो.

तिसरा फोन एप्रिलमध्ये आला. आवाज फार बारीक झाला होता.

"शेवाळे आहेत का हो?"

"नाहीत हो भावजी, बाहेर गेलेत," मी म्हणाले आणि नेमकं त्याच वेळी आतल्या खोलीत यांनी कॉम्प्युटर सुरू केला. तो सुरू होताना वाजतं ते गाणं सगळ्या घरात वाजलं. मी रिसीव्हरवर हात ठेवला, पण उशीर झाला होता. मग भावजी म्हणाले, "बरं बरं. काही घाई नाही. सावकाश येऊ द्या."

मी आत जाऊन यांच्यावर खूप चिडले. अर्धा तास भांडलो आम्ही, गाणं बंद कसं करत नाही यावरून. उठून सेक्टर सातला जावं, हे दोघांनाही सुचलं नाही.

पंधरा दिवसांत भावजी गेले. दुसरा अटॅक.

दिवसकार्याला गेलो तेव्हा भिंतीवरच्या त्या फ्रेमकडे दोघांनीही बघितलं नाही. जूनमध्ये मात्र यांना राहवेना. "साधना, चल," म्हणाले. "शिव्या देऊ देत, काय पाहिजे ते बोलू देत. मला आता हे घेऊन जगायचं नाही." दुपारच्या उन्हात पाकीट छातीशी धरून हे माझ्या पुढे चालत होते.

वहिनींनी दार उघडलं. कपाळ कोरं. माझी मान खाली गेली. पाणी दिलं, बसवलं. यांनी पाकीट पुढे केलं आणि मग एकदम रडायलाच लागले. "वहिनी, माझ्या हातून कुंकू पुसलं गेलं. फोटोतलं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

वहिनी उठल्या आणि भिंतीवरची फ्रेम काढून आमच्यापुढे ठेवली.

फोटोत त्यांच्या कपाळावर कुंकू होतं. लाल. बॉलपेनचं, जरा डावीकडे सरकलेलं, एका बाजूनं फराटा गेलेला.

"आमच्या यांनी काढलंय," वहिनी म्हणाल्या. "फ्रेम दिलीत त्याच संध्याकाळी लक्षात आलं त्यांच्या. म्हणाले, शेवाळ्याला कळलं तर त्याला फार लागेल, तू बोलू नकोस. फ्रेम उघडली आणि बँकेतलं तपासणीचं लाल पेन घेऊन बसले. पेन घसरलं. मी म्हटलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुंकू लावलंत, तेही वाकडं." त्या हसल्या. "हा असू दे भावजी. तुमचा नको मला."

यांनी डोळे पुसून विचारलं, "मग वहिनी, फोन कशासाठी करत होते?"

वहिनी आतून एक वही घेऊन आल्या. नवी कोरी, दोनशे पानी. पहिल्या पानावर देवस्थळीभावजींच्या बँकेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'फोटोदुरुस्ती. श्री. शेवाळे यांच्याकडून.' खाली समास आखलेला. समासात 'एक' हा आकडा घातलेला आणि त्यापुढे काही नाही.

"शिकायचं होतं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "घरात बसून वेळ जात नव्हता. त्यांच्या आईचा एक फोटो आहे, तो स्वतः करायचा होता. मी म्हणायची, सारखा फोन नका करू, त्यांना सवड नसेल. शेवटचा फोन केला तेव्हा तर खूश होते. म्हणाले, शेवाळे कामात आहेत, त्यांच्या कॉम्प्युटरचा आवाज आला मला. काम संपलं की येतील."

माझ्या ओठांवर आलं होतं, की तो फोन मी घेतला होता, मीच खोटं बोलले होते. मी काय म्हणाले होते ते वहिनींना भावजींनी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि अजूनही नाही.

वहिनींनी ती वही आणि आईचा फोटो यांच्याकडे दिला. फोटो यांनी तीन आठवडे घेऊन केला, एकेक डाग हातानं, प्रतीवर. वही मात्र तशीच आहे. तिच्यात एक अक्षर लिहायची यांची हिंमत होत नाही. ती यांच्या वहीच्या शेजारी कॉम्प्युटरजवळ असते आणि धूळ पुसताना मी ती उघडून बघत नाही.

आता घरात फोन वाजला की मी आधी "आहेत, आहेत" म्हणते, कोण बोलतंय ते नंतर विचारते. परवा हे राजापार्कला गेले होते आणि मी एका माणसाला तसाच फोनवर थांबवून गॅलरीत जाऊन यांना हाका मारत उभी होते.