त्यो क्रॅक हाय

माझं लग्न ठरत होतं, तेव्हा वडील गुपचूप शिरोली एमआयडीसीत मुलाची चौकशी करायला गेले. तो कामाला होता त्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, दारात त्यांनी त्याचं नाव घेतलं, तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "त्यो क्रॅक हाय, परत पाठवा की!"

वडील तडक घरी आले. "पोरगं येडं दिसतंय."

मुलगा मला बघायला आला, तेव्हा त्यांनी तोंडावरच विचारलं. तो हसला. "कास्टिंगचा, ओतलेला पीस आसंल, मामा. तडा गेला की ठोकल्यावर बद्द वाजतो."

मी नंतर शब्दकोश पाहिला. क्रॅक म्हणजे तडकलेला आणि वेडाही. मुळात मात्र तो शब्द कडाडण्याच्या आवाजाचा.

लग्न झालं. तरी वडील कितीतरी दिवस मला बाजूला घेऊन विचारायचे, "नीट वागतोय न्हवं?"