अठ्ठावन्न किलोंचा बातमीदार

तनुजा काळभोर बोलते कमी आणि उचलते जास्त. आमच्या चीअरलीडिंगच्या संघात ती ‘बेस’, म्हणजे खाली उभी राहून वरच्या मुलीला तळहातांवर तोलणारी. दहीहंडीतला खालचा थर म्हणा, फक्त इथे वरचीला हवेत उडवून पुन्हा झेलायचंही असतं. सहा वर्षं मी कॉलेजात हा खेळ शिकवते आहे, पण इतकी भरवशाची मुलगी मला दुसरी मिळालेली नाही. लोणी काळभोरला तिच्या वडिलांची रोपवाटिका आहे. मातीच्या पिशव्या उचलून हात असे झाले, असं ती सांगते. मला उगाच श्रेय देत नाही.

गेल्या वर्षी आम्ही राज्यात दुसऱ्या आलो. एका पुरवणीत बातमी आली, ‘मैदानावर ग्लॅमरचा तडका’. फोटो तनुजाचा, तोही मानेपासून गुडघ्यापर्यंतचा. क्रमांक छापायला जागा उरली नव्हती. आम्ही क्रिकेटच्या सीमारेषेवर नाचत नाही, हे त्या विद्वानाला कोणी सांगितलं नसावं. आणि नाचणाऱ्यांबद्दल तरी असं का लिहावं? तो फोटो गावभर मोबाइलवर फिरला. तिचे वडील विक्रमराव मला एवढंच म्हणाले, “मॅडम, परत पेपरात असलं आलं, तर खेळ बंद.”

त्यामुळे यंदा नागपूरच्या राष्ट्रीय स्पर्धेला तीन आठवडे असताना बातमीदार येणार म्हटल्यावर मला ते नकोच होतं. संमतीपत्रावर विक्रमरावांची सही अजून व्हायची होती. पण प्रवेशाच्या दिवसांत प्राचार्यांना फुकटची जाहिरात हवी होती. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

बातमीदार म्हणजे आमोद नावाचा काडीपैलवान. सोबत फोटोग्राफर. मुली ट्रॅकपँट घालून सराव करत होत्या. “स्पर्धेच्या ड्रेसमधले, हसरे फोटो मिळतील ना?” त्याने विचारलं. मी काहीतरी खरमरीत बोलणार, तेवढ्यात तनुजा पुढे आली.

“सर, वेट किती तुमचं?”

“अठ्ठावन्न. का?”

“शूज काढा.”

मी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, राग मलाही होताच. चौघी गादीवर आपापल्या जागी उभ्या राहिल्या, आकडे मोजले, आणि आमोदसाहेब त्यांच्या खांद्यांच्या उंचीवर, तळहातांवर उभे. लगेच ते डावीकडे कलले. ती तनुजाची बाजू. त्यांचं कोपर तिच्या कानशिलावर आदळलं, तरी तिचे हात हलले नाहीत. “खाली बघू नका, सर. श्वास घ्या,” ती म्हणाली. मग चौघींनी त्यांना अलगद उतरवलं.

खाली आल्यावर आमोदने आधी पाणी मागितलं. मग वही काढली आणि तासभर विचारत बसला: मनगटं कशी बांधता, आकडे कोण मोजतं, कोण कधी पडलं. ड्रेसचं नाव काढलं नाही. तरी मला खात्री नव्हती. बातमी लिहितो एक आणि मथळा देतो दुसरा, हे मी चांगलं ओळखून होते.

तिसऱ्या दिवशी बातमी छापून आली. मी ती उभ्या उभ्या वाचली आणि पेपर घेऊन थेट लोणी गाठलं. विक्रमराव गुलाबाच्या रोपांत बसले होते आणि पेपर त्यांच्याही मांडीवर होता. तनुजा पलीकडे पिशव्या भरत होती. मान वर करत नव्हती. फोटोत आमोदच होता, डोळे मिटलेला, शर्ट बाहेर आलेला. खाली चौघी, चौघींचे चेहरे स्वच्छ दिसणारे. मथळा होता, ‘चौघींच्या तळहातांवर’.

“ह्यो पेपरवाला किती किलोचा?” विक्रमरावांनी विचारलं.

“अठ्ठावन्न.”

“डावीकडं आपली तनूच हाय न्हवं? तिच्याच अंगावर कललाय की.”

“कलला होता. तिनं सावरला.”

त्यांनी पेपर लेकीकडे वळवून धरला. मग लेकीला म्हणाले, “पेपरवाला हाय म्हणल्यावर सोडून द्यायचा की गं.”

“वर घेतल्यावर सोडत नाही, अण्णा,” ती म्हणाली.

विक्रमराव हसले. हात धोतराला पुसले नाहीत, चांगले नळाखाली धुऊन आले आणि संमतीपत्र मागितलं. मी तिथेच कुंड्यांच्या कट्ट्यावर बसले. इतकं सुटल्यासारखं मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

“नागपुरात पेपरवाले लई येतील, मॅडम,” ते म्हणाले. “एकेकाला वर घ्या.”