टक लावून बघितलं की
वडगावच्या विणकर गल्लीत सुताला लावायच्या खळीचा वास आला, की ऑफिसातली ती दुपार आठवते. संध्याकाळी गिऱ्हाइकाला प्रोग्रॅम दाखवायचा होता आणि शेवटची तपासणी म्हणून डिबगर, म्हणजे चुका शोधायचं साधन, लावून एकेक ओळ बघायला घेतली, की प्रोग्रॅम धाडकन बंद पडायचा. आत विकतची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा तयार कोड होता, कुणाला वाचता येऊ नये म्हणून मुद्दाम गुंतवून ठेवलेला. शेजारी बसणारी आक्का विणकराच्या घरातली. ती वाकून बघत राहिली आणि हसली. "आमचं आप्पाबी मागावर असंच रं. कुणी टक लावून बघाय लागलं की हात थांबायचा. डिबगर काढ बघू." काढला, आणि प्रोग्रॅम सुरळीत चालला. पाळतीचा सुगावा लागताच बंद पडायचं, हे त्या लायब्ररीला शिकवूनच ठेवलं होतं. आता ऑफिसातली नवी पोरगी कोड लिहिताना अडखळली, की मी तिच्या खुर्चीमागून हळूच बाजूला होतो.