गाडी आमची, बुकावर ख्वाजामियाँ

सरकारी कागदाच्या मागं लागलेल्या माणसाजवळ गोष्टींचा तोटा नसतो. लग्नाला गेलं तर एखादी गोष्ट हाती लागती, बाजाराला गेलं तर दोन. पण जुन्या फटफटीच्या बुकावरचं नाव बदलायला निघा, पदर भरून घेऊन येता. आमच्याकडं आता पाहुणे चहाच्या आधी विचारतात, "आक्का, आज कोणती?" आज सगळ्याच सांगते.

* * *

गाडी शिल्पाच्या आजोबांची, म्हणजे माझ्या घरधन्यांची. आमचं गाव निलंग्याकडचं, काळ्या मातीचं. पावसाळ्यात माणूस पुढं जातो आणि चप्पल मागं राहती. म्हणून त्यांनी मिस्त्रीकडून सायलेन्सर वर घेतला, मडगार्ड उचललं, खाचाखाचांचे टायर बसवले. ते वारल्यावर गाडी लातूरला आमच्या लेकाच्या, दत्ताच्या दारात उभी होती.

दत्ताची पोरगी शिल्पा. दहावी चांगली निघाली, तिला डॉक्टर व्हायचं. तवा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघालेले, बाहेरगावची पोरं पेट्या घेऊन खोल्या शोधत फिरायची. आमचं गणित साधं होतं. गाडी विकली तर शिल्पाचा क्लास, न्हाई विकली तर न्हाई. आणि जून तोंडावर आलेला.

शेजारी क्लासातले एक सर राहायचे, फिजिक्स शिकवणारे. गाडी बघून ते रस्त्यातच उकिडवे बसले. म्हणाले, "आज्जी, ही तर डर्ट बाईक झाली. मोठ्या शहरातली पोरं असल्या गाड्या हौसेनं चिखलात घालतात."

मी म्हणलं, "सर, आमच्याकडं हौस लागत न्हाई. रस्ताच तसा दिलाय."

सर घ्यायला तयार झाले. अट एकच, गाडी त्यांच्या नावावर झाली पाहिजे. दत्तानं डिक्कीतून आरसी बुक काढलं, प्लास्टिकची पिशवी सोडली, वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बुकावर नाव होतं ख्वाजामियाँ, राहणार धर्माबाद.

या ख्वाजामियाँला आमच्या घरात कुणी कधी बघितलेलं नव्हतं!

* * *

आता तुम्ही आम्हाला वेड्यात काढाल. पण आमच्याकडं जुनी गाडी घ्यायची रीत ऐका. चार माणसांसमोर चावी द्यायची, सगळ्यांनी चहा प्यायचा, बुक खिशात घालायचं, झाला सौदा. नाव बदलायला ऑफिसात गेलं की विकणाऱ्याला वाटायचं, याचा आपल्यावर इश्वास न्हाई.

आम्ही गाडी घेतली शिरूर अनंतपाळच्या सूर्यवंशी गुरुजींकडून. शिल्पाचे आजोबा एकदाच म्हणाले होते, "गुरुजी, नाव चढवून घेऊ का?"

गुरुजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "का बरं? मी चोरीची देऊन राहिलो का?"

तिथंच तो विषय मिटला. गुरुजींनी गाडी उदगीरच्या शिवलिंगआप्पांकडून घेतलेली, आप्पांनी ख्वाजामियाँकडून. प्रत्येकानं आपल्या आधीच्याचा मान राखला आणि ख्वाजामियाँ बुकावर तसेच बसून राहिले.

* * *

म्हणून पहिल्यांदा शिरूरला गेलो. गुरुजी आता पेन्शनीत. बुक हातात घेऊन त्यांनी उलटंसुलटं बघितलं. "वैनी," म्हणाले, "पोरांना जन्मभर नाव, गाव, पत्ता लिव्हायला शिकवलं. आणि माझ्याच गाडीवर माझं नाव न्हाई."

गुरुजींचं एक सांगायलाच पाहिजे. भूकंपात आमचं घर बसलं. गाडीवर भिंत पडली होती. शिल्पाच्या आजोबांनी दगड बाजूला केले, टाकीला पोचे आले होते, पण किक मारली तशी गाडी लागली. जखमींतल्या ज्याला बसता येत होतं त्याला मधी धरून, मागं एक माणूस आधाराला, असं दवाखान्यात नेऊन सोडायचे आणि परत यायचे. रस्ता दगडांनी भरलेला, मोठी गाडी आत यायला मार्ग नव्हता. ही मात्र जायची. मग टाकी कोरडी पडायला लागली.

आणि बघतो तर गुरुजी चालत आलेले, दोन्ही हातांत पेट्रोलचे डबे. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुजी एवढंच म्हणाले, "गाडी आता तुमची हाय. तिचं पोट मला ठाऊक हाय."

त्या डब्यांवर कितीजण दवाखान्यात पोचले, ते मोजायला कुणाचं डोकं जाग्यावर होतं? पण त्यातले काहीजण आजही रस्त्यात भेटले की मला वाकून नमस्कार करतात. मी म्हणते, शिरूरला जाऊन करा.

* * *

शिरूरहून उदगीरला मी आणि दत्ता त्याच गाडीवर निघालो. सायलेन्सर वर घेतलेला, तो बरोबर बाईमाणसाच्या पोटरीशी येतो. लुगडं सावरू का पाय वाचवू? शेवटी मी गोणपाट ओलं करून पायाला बांधलं. उदगीरच्या अलीकडं हवालदारानं हात केला.

"गाडी कुणाची?"

दत्ता खरं बोलणारा. म्हणाला, "ख्वाजामियाँची."

"तू कोण?"

"दत्ता."

"मागं कोण?"

"माझी माय."

"मग ख्वाजामियाँ कुठंय?"

"त्यालाच शोधून राहिलो, साहेब."

हवालदारानं बुक बघितलं, माझ्या पायाचं गोणपाट बघितलं. त्यालाही कुठं हात घालावा कळेना. "जावा," म्हणाला, "सापडला तर येताना सांगून जावा. मला बी आता झोप लागायची न्हाई."

* * *

शिवलिंगआप्पा उदगीरचे अडत दुकानदार. दारात आम्हाला बघितलं आणि कानडीत "बर्री, बर्री", या, या म्हणत आत घेतलं. कोण, कुठले, काही विचारायच्या आधी ताटं वाढली. जेवण झाल्यावर दत्तानं सगळं सांगितलं.

आप्पा म्हणाले, ख्वाजामियाँ मिरचीचे व्यापारी. खेडोपाडी माल बघायला गाडी घेतली होती. एकदा उदगीरला आले आणि पावसानं अडकले, गाडी दुकानात ठेवून रेल्वेनं घरी गेले. जाताना सांगून गेले, चालवत राहा, उभी राहिली की खराब होती. आप्पांनी चालवली, आवडली, पुढच्या फेरीला पैसे देऊन टाकले. कागदाचं दोघांच्याही ध्यानात आलं न्हाई.

एवढं बोलून आप्पांनी दुकानातल्या माणसाला तराजू सोपवला आणि टोपी घातली. मी म्हणलं, आप्पा, तुम्ही कशाला तसदी घेता?

"आक्का, मी गाडी विकली, कागद माझ्याकडूनच राहिला. म्हणजे अर्धाच माल पोचला. दुकानदाराला असं चालत न्हाई."

आप्पा एसटीनं, आम्ही गाडीवर, असे धर्माबादला गेलो.

* * *

ख्वाजामियाँच्या गल्लीत मिरचीचा खाट असा नाकात जायचा, की आम्ही शिंकतच आत गेलो. मियाँ बाजेवर बसलेले. लकवा होऊन गेलेला, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. दत्तानं गाडीचं नाव काढलं आणि त्यांच्या बेगम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अब क्या किया उसने?"

मग कळलं. बुकावर नाव यांचं, म्हणून गाडीचं काहीही झालं की दंडाचा कागद धर्माबादला यायचा. कुणी लातुरात चुकीच्या जागी लावली, कुणी तिघं बसवली, कुणी दिवा न लावता चालवली. मियाँनी त्यातलं एकही कुणाला कळवलं नव्हतं. सगळं आपलं आपण भरून टाकलेलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणलं, चाचा, एक तरी निरोप धाडायचा.

मियाँ हसले. "कशाला आक्का? चलान आलं की मी बेगमला म्हणायचो, चलो, गाडी अजून पळून राहिली."

* * *

गाडीची नोंद नांदेडची. तिथून मालकाच्या सहीनं ना-हरकत मिळाली की मग लातूरला सरांचं नाव चढणार. ख्वाजामियाँ एका शब्दावर तयार झाले. दत्तानं एसटीडीवरून गुरुजींना कळवलं, ते परस्पर नांदेडला आले. सरांच्या सहीचे कागद घेऊन शिल्पा लातूरहून आली. असे आम्ही सगळे, गाडीचे आजवरचे झाडून सगळे धनी, ऑफिसात एका बाकावर बसलो.

टेबलावर एक मॅडम होत्या, शांत बाई. मियाँनी डाव्या हातानं उजवा हात उचलून कागदावर ठेवला आणि सही केली. मॅडमनी जुना कागद शेजारी धरला. जुनी सही उर्दूतली, वेलीसारखी वळणाची. नवी म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखी. मियाँनी दुसऱ्यांदा केली, ती त्याहून वाईट.

मॅडम म्हणाल्या, चाचा, मी अशी घेतली तर उद्या तुम्हालाच त्रास होईल. हात चालत नसेल तर डावा आंगठा लावा, दोन साक्षीदार द्या, आजच काम करून देते.

साक्षीदार तर बाकावर तयारच होते. पण मियाँ उठले.

"मैं अंगूठा नई लगाता. माझ्या सहीवर धर्माबादेत मिरचीचे ट्रक सुटायचे."

आणि काठी टेकत बाहेर गेले. आप्पा समजवायला गेले, परत आले. गुरुजी गेले, परत आले. आम्ही त्यांना काय म्हणणार? ज्या माणसानं आमचे सगळे दंड भरले, त्याला आणखी काय मागायचं? मी दत्ताला म्हणलं, राहू दे, घरी चल. शिल्पा कागद पिशवीत भरायला लागली.

निघायच्या आधी ती मियाँना पाणी द्यायला गेली. ते लिंबाखाली बसले होते. मी मागंच होते, म्हणून ऐकलं.

मियाँनी विचारलं, "बेटी, तू डॉक्टर होणार म्हणे. मग सांग, हा हात नीट होईल?"

शिल्पानं त्यांचा हात हातात घेतला, बोटं उघडून बघितली. म्हणाली, "मला अजून काहीच येत न्हाई चाचा. शिकले की सांगते."

मियाँ पाणी प्याले. काठी घेतली आणि सरळ टेबलापाशी येऊन उभे राहिले. मॅडमनी शाईचं पॅड पुढं केलं. आंगठा उमटला, खाली आप्पांनी सही केली, गुरुजींनी केली. गाडीचा ताबा आमच्याकडं होता म्हणून घरच्यांची हरकत न्हाई असा एक कागद माझाही होता. मला सही कुठली येती, मी त्याच पॅडवर आंगठा टेकवला.

मॅडमना ते बरं वाटेना. म्हणाल्या, "चाचा, तुम्ही शिकलेले आहात, तसं मी बाजूला लिहून ठेवते."

"नक्को. आजच्या दिवस अडाणीच राहू द्या."

मग त्यांनी आपला निळा आंगठा बघितला, माझा बघितला आणि म्हणाले, "आक्का, तुमच्या क्लासात माझं ॲडमिशन झालं."