मावशींची रोजची एक चूक

माझी ताई लुथरन चर्चच्या शाळेत बालवर्गात सव्वीस वर्षं मदतनीस होती. मदतनीस हा कागदावरचा शब्द. वर्ग तीच घ्यायची. शिक्षिका यायच्या, कुणी लग्न करून जायच्या, कुणी जास्त पगाराच्या नोकरीवर जायच्या, आणि दर वेळी ‘नवी येईपर्यंत मावशी सांभाळतील’ असं ठरायचं. ती नवी कधी दोन महिन्यांनी उगवायची, कधी दोन वर्षांनी. पोरं तिला मावशी म्हणायची, पोरांचे आईबापही मावशीच म्हणायचे, कारण त्यांतले निम्मे तिच्याच हाताखालून गेलेले. मी तिची धाकटी बहीण. शिवणकाम करते, तिच्याच घरात राहते, आणि तिच्याइतकी सोशिक नाही हे आधीच सांगून ठेवते.

वर्गात खिडकीखाली एक बुटकं टेबल होतं. ते ऋतूचं टेबल. चर्चमध्ये वेदीवर जो रंग, तोच टेबलाच्या कपड्याला: कधी जांभळा, कधी पांढरा, बराच काळ हिरवा. ते कपडे मी उरलेल्या तुकड्यांतून शिवलेले. कपड्यावर काय ठेवायचं ते पोरांनी आणायचं. पानगळीत पानं, ती जाड पुस्तकात दाबायची आणि आठवड्यानं कुणाचं जास्त पिवळं झालं ते बघायचं. आमच्याकडं थंडीत पाणी गोठतं, तेव्हा बशीभर पाणी रात्री बाहेर ठेवायचं आणि सकाळी त्यावर बर्फाची साय धरली का ते बोटानं टोचून पाहायचं. मग फुलांचे कंद. मग ओल्या कापसावर घेवड्याचे दाणे, निम्मे खिडकीत आणि निम्मे अंधाऱ्या कपाटात. उन्हाळ्यात अंगणात खडूनं एकमेकांच्या सावल्या आखायच्या, सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि कुणाची जास्त आखूड झाली यावरून भांडायचं.

पण ताईची खरी करामत वेगळीच होती. सकाळची प्रार्थना आणि गीत झालं की ती वही उघडून त्या दिवसाचा धडा वाचायची, आणि त्यात रोज एक गोष्ट मुद्दाम चुकीची असायची. कुठली, ते पोरांनी पकडायचं. धडा वाचेपर्यंत मावशीची बाई व्हायची, म्हणून पकडली की सगळ्यांनी ओरडायचं, ‘चूक! बाई चुकल्या!’ आणि का चूक ते टेबलाजवळ जाऊन दाखवायचं. चार वर्षांच्या पोराला शेंबूड पुसायला जमत नाही, पण मोठ्या माणसाची चूक काढायला मिळाली की ते जेवणसुद्धा विसरतं.

त्या चुका ती वहीत खूण न करता लिहायची. बाकीच्या मजकुरासारख्याच, त्याच शाईत, त्याच वळणात. मी एकदा म्हटलं, “अगं, खाली रेघ तरी मार, एखाद दिवस तूच फसशील.”

“रेघ मारली की तिथं आल्यावर माझा आवाज बदलतो,” ती म्हणाली. “पोरं वही ऐकत नाहीत, माझं तोंड वाचतात.”

अशा सात वह्या झाल्या होत्या.

चार वर्षांपूर्वी नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. बोलणं गोड, चाल ताठ, हातात कायम फाईल. नाकानं कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बालवर्गात त्या दहा मिनिटांच्या वर कधी थांबल्या नाहीत. तिथं साडीला चिकट हात लागतात. एक दिवस ताईला म्हणाल्या, “मावशी, तुमच्या त्या वह्या ऑफिसात ठेवू या. कपाटात वाळवी लागली तर एवढी मेहनत वाया जायची.” ताईला कोण आनंद झाला. घरी येऊन मला म्हणाली, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मेहनत म्हटलं गं.” मला तेव्हाच वास आला होता, पण तिचं तोंड एवढं फुललेलं की मी गप्प बसले. अजून त्याचा राग येतो मला, स्वतःचाच.

वर्षभरानं छापखान्यातून कच्ची पानं आली. पुस्तकाचं नाव ‘माझा बालवर्ग, माझे ऋतू’. लेखिका मोठ्या बाई. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि वर तोंड करून त्यांनी ती पानं ताईकडेच पाठवली. “मावशी, पानाफुलांची चित्रं सरळ छापलीत का, तेवढं बघा.”

ताई ती पानं घेऊन घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली आणि वाचत बसली. माझ्या तर पायाची आग मस्तकात गेली होती. मी मशीनवर बसून एका शर्टाचा खांदा दोनदा उलटा जोडला. तासाभरानं बघते तर ताई तोंडावर पदर दाबून हसतेय. हसता हसता तिला उचकी लागली.

“वेड लागलं का तुला?” मी म्हटलं.

“सगळ्या आहेत,” ती म्हणाली. “माझ्या सगळ्या चुका आहेत. एकूण एक. बाईंनी शब्द न् शब्द उतरवून घेतलाय.”

मग तिचं हसू थांबलं. पानं नीट एकावर एक रचत म्हणाली, “सांगायला हवं गं त्यांना.”

“जीभ हासडून हातात देईन,” मी म्हटलं.

ती एवढ्यावर ऐकणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली आणि मोठ्या बाईंना एकच प्रश्न विचारला. पुस्तकात माझं नाव कुठं येईल? पहिल्या पानावर नको, शेवटी आभारात आलं तरी चालेल. पुढच्या वर्षी तिची निवृत्ती होती. सव्वीस वर्षांत तिचं नाव हजेरीपटाच्या बाहेर कुठं लिहिलं गेलं नव्हतं, आणि त्या एका ओळीखेरीज तिला काही नको होतं. बाई होकार देत्या तर ताईनं तिथंच बसून सगळ्या चुका दुरुस्त करून दिल्या असत्या. मी तिला ओळखते.

मोठ्या बाई हसल्या. “मावशी, पुस्तकात मदतनिसांची नावं घालत नाहीत. तुमच्याकडे प्रमाणपत्र तरी आहे का? बरं, चित्रं सरळ आहेत ना?”

“चित्रं सरळ आहेत,” ताई म्हणाली.

घरी आल्यावर तिनं मला हे सांगितलं, आणि मी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत ते पाहिलं जे माझ्या डोळ्यांत नेहमी असतं. मला बरं वाटलं. लपवत नाही. त्या दिवसापासून ताईनं बालवर्गाचा कसून सराव घेतला. रोज एका चुकीऐवजी तीन तीन.

प्रकाशन वसंतात ठरलं. तीनशे प्रती खोक्यांत बांधून सभागृहाच्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या. शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या अकरा शाळांतल्या शिक्षिका येणार, मंडळाच्या अध्यक्षबाई येणार, आणि त्यांच्यापुढं मोठ्या बाई स्वतः बालवर्गाला शिकवून दाखवणार. पोरांसाठी बावीस एप्रन मी शिवले होते, म्हणून मला मागच्या बाकावर जागा मिळाली. चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. ताई दाराशी मातीची बादली घेऊन उभी होती, कारण माती धरणं हे मदतनिसाचं काम.

मोठ्या बाईंनी कंद उचलला. “मुलांनो, कंद लावताना टोक खाली आणि मुळं वर ठेवायची.”

बावीस हात एकदम वर गेले. “चूक! बाई चुकल्या!”

सभागृह हसलं. एक इवलीशी पोर, जिला सगळे चिमणी म्हणायचे, ती पुढं आली, बाईंच्या हातातला कंद घेऊन सरळ केला आणि म्हणाली, “टोकातून कोंब येतो. खाली डोकं केलं तर त्याला वर कुठं आहे ते कळत नाही.”

मोठ्या बाई हसल्या, पण ओठांनीच. मग लाल किड्याचं चित्र दाखवलं. “याच्या पाठीवर जितके ठिपके, तितकं याचं वय.”

“चूक! बाई चुकल्या!”

“उन्हाळ्यात गरम होतं, कारण सूर्य आपल्या जवळ येतो.”

“चूक! सूर्य उंच चढतो! सावली आखूड होते!” दोन पोरं तर खडू आणायला धावली.

टाळ्या पडल्या. अध्यक्षबाई जुन्या शिक्षिका, त्या खुर्चीतून उठल्याच. “काय सुंदर पद्धत आहे! मुद्दाम चुकायचं आणि मुलांकडून बरोबर करून घ्यायचं. ही तुम्हीच शोधलीत?”

हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. बाईला सुटायला वाट मिळाली होती, आणि ती वाटही ताईचीच होती.

“हो,” मोठ्या बाई म्हणाल्या. “माझीच.”

मी बाकावरून उठलेच होते. ताईनं दारातून माझ्याकडं नुसतं पाहिलं, आणि मी बसले.

अध्यक्षबाईंनी परत खुर्चीत बसून पुस्तक उघडलं, चष्मा लावला, पानं उलटली. “पण इथं खूण कुठं दिसत नाही. यातली चूक कुठली आणि खरं कुठलं, हे आमच्या शिक्षिकांनी कसं ओळखायचं? हे बघा, पान तेवीस. बी उगवायला ऊन लागतं. ही चूक आहे की खरं आहे?”

मोठ्या बाईंनी पुस्तकाकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं, छताकडं पाहिलं. “खरं,” त्या म्हणाल्या.

“चूक!” बावीस गळे एकदम. चिमणी वर्गाच्या दिशेनं बोट दाखवून किंचाळत होती, “कपाटातल्या अंधारात पण उगवलं! आमचं अंधारातलं आधी उगवलं!”

या वेळी कुणी हसलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. अध्यक्षबाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि चष्मा काढला. पाळकसाहेबांनी घाईघाईनं शेवटची प्रार्थना सुरू केली. एवढ्या मनापासून मी कधी ‘आमेन’ म्हटलं नव्हतं.

सोमवारी पाळकसाहेबांनी ताईला ऑफिसात बोलावलं. मोठ्या बाई तिथं बसलेल्याच होत्या.

“मावशी, पुस्तकात चुका आहेत हे तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला चित्रं बघायला सांगितली होती.”

पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, “हा सूड झाला, मावशी.”

“झाला,” ताई म्हणाली. “तो माझ्या पदरात घाला, मी देवापुढं कबूल करते. सातवी आज्ञा कुणी मोडली, ते ज्यानं त्यानं कबूल करावं.”

सातवी आज्ञा म्हणजे चोरी करू नको. बालवर्गालाही पाठ असते. पाळकसाहेब मोठ्या बाईंकडं वळले, तर त्या फाईल चाळायला लागल्या.

मंडळानं ठरवलं की छापलेली पुस्तकं फेकायची नाहीत. चुकांची यादी चिठ्ठीवर छापून प्रत्येक प्रतीत शेवटच्या पानावर चिकटवायची. चिठ्ठीचा मजकूर मोठ्या बाईंनी लिहिला, आणि चिकटवायचं काम अर्थात मावशींना. तीनशे प्रती आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातगाडीवर घालून आमच्या घरी आला.

मी वरची चिठ्ठी वाचली आणि माझं डोकं फिरलं. यादीच्या खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘वरील सर्व चुका बालवर्गाच्या मदतनिसांच्या वह्यांतून आल्या आहेत.’ आणि पुढं ताईचं नाव, आडनावासकट. वड्याचं तेल वांग्यावर!

“सव्वीस वर्षांनी नाव छापलं, ते असं?” मी ओरडले. “दे ते इकडं, चुलीत घालते सगळं!”

ताईनं माझ्या हातातून चिठ्ठी घेतली आणि दोनदा वाचली. “ओरडू नकोस. पुन्हा वाच. चुका माझ्या वह्यांतून आल्या म्हणतात. मग बाकीचं पुस्तक कुठून आलं गं?”

मी खाली बसले.

“मी सांगून कुणी मानलं नसतं,” ती म्हणाली. “त्यांनी स्वतःच लिहून दिलं. तीनशे वेळा.”

मी खळ शिजवली, घट्ट. दोन दिवस आम्ही दोघी टेबलाशी समोरासमोर बसून चिकटवत होतो. शेवटच्या पानावर एकही नाही. पहिल्या पानावर, लेखिकेच्या नावाच्या अगदी लगत, चिठ्ठीची वरची कड त्या अक्षरांना टेकेल अशी. एकही चिठ्ठी वाकडी गेली नाही.

पुस्तकं परत गेली त्या दिवशी मीही बरोबर होते. मोठ्या बाईंनी वरची प्रत उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. “मावशी, मी शेवटच्या पानावर सांगितलं होतं. काढा या सगळ्या, आत्ताच्या आत्ता.”

“काढते की,” ताई म्हणाली. “पण खळ पक्की आहे, बाई. ओढली तर आधी तुमचं नाव फाटेल.”

मोठ्या बाईंनी नखानं एक कोपरा उचलून पाहिला, आणि सोडून दिला.