हिलाल सोडावाल्याचा उजवा हात

शिरपूरच्या बसस्टँडसमोर हिलालची सोडा मशीन. बारा वर्षं त्याच्या उजव्या हातानं तोटी दाबली की कप काठोकाठ भरायचा आणि थेंबही सांडायचा नाही. त्याचा त्याला भारी गर्व. जिरा सोड्यापायी लोकांची एसटी चुके.

एका बाजारच्या दिवशी, भर दुपारी, प्रेमराज आला. त्याचं आणि चुलतभाऊ जीवरामचं बांधावरून हाडवैर. जीवराम रोज हिलालकडे कप प्यायचा. प्रेमराजनं कपाशीवर फवारायच्या औषधाची बाटली हिलालपुढे सरकवली.

"जिराना वासमा कोनले समजाव नही," तो म्हणाला.

हिलालनं तीच बाटली त्याच्या कपाळावर हाणली. रक्त आलं. जीवराम आला तेव्हा भर बाजारात ओरडून त्याला सगळं सांगितलं. दुसरा एखादा गप्प बसला असता. हिलालला ते कधी जमलंच नाही.

तिसऱ्या दिवशी प्रेमराज दोन माणसं आणि लोखंडी कांब घेऊन आला. त्यांनी हिलालला मशीनसमोर आडवा पाडला, एकानं छातीवर गुडघा रोवला आणि प्रेमराजनं उजव्या हातावर घावामागून घाव घातले. हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या केळीवाल्यानं ऐकला. पन्नास माणसं बघत होती. कुणीही हललं नाही. मशीनवर ओरखडासुद्धा पडला नाही.

प्रेमराजला पोलिसांनी नेलं. दीड महिन्यानं हिलाल वाकडा हात घेऊन परतला. लोकांनी पाठ थोपटली, वाघ म्हणाले, आणि सीलबंद कोल्ड्रिंकचे कॅन मागितले. मशीनशेजारचा कॅनचा फ्रीज बायकोचा, पुष्पाबाईचा. आजवर दिवसाला चार खपले तरी खूप. आता दुपारीच फ्रीज रिकामा. कप कुणी घेईना. अरे, औषध घातलं नाही म्हणूनच तर हात मोडला ना त्याचा! पण लोकांच्या डोक्यात एवढंच राहिलं, की उघड्या कपात काहीही घालता येतं. आणि हे त्यांना सांगणारा हिलालच.

जीवराम सगळ्यांदेखत एक कप प्यायला की सारं ठीक होईल, अशी त्याला आशा होती. जीवराम आला. हिलालनं डाव्या हातानं दोन कप भरले. जरा सांडले. एक स्वतः प्याला, दुसरा पुढे केला.

"तुन्हावर भरोसा शे, भाऊ," जीवराम खाली बघत म्हणाला. "पन कॅनच दे."

त्यानं कॅन घेतला, उलटासुलटा करून झाकण तपासलं, मगच उघडला.

हिलालचं मस्तक फिरलं. त्यानं शटर ओढायची सळई उचलली. जीवरामनं डोक्यावर हात घेतले, पण घाव मशीनवर बसला. तोट्या तुटल्या, काचा उडाल्या, जिरा सोडा रस्त्यावर वाहू लागला. हिलाल रडत मारत होता.

या वेळी मात्र माणसं धावली. दहा जणांनी त्याला कवेत आवळून धरलं. "एवढी महागाची मशीन, हिलाल!"

"मन्हा हात मोडना तवय कोठे व्हतात रे बठ्ठा?" हिलाल किंचाळला.