श्रावणातली पाहणी

आमच्या गल्लीत श्रावणात कुणी पीत नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. अमावास्येला गटारीत लोळलेला माणूस दुसऱ्या सकाळी कपाळाला विभूती लावून तळ्यातल्या देवळात रांगेत उभा असतो. महिनाभर दाढीला वस्तरा नाही, तोंडाला शिंदी नाही, खिशात गोळी नाही. देवाला भितात, बायकोला भ्यायचं राहून जातं. श्रावण संपला की पुन्हा आपापल्या वाटेनं सगळे. हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त नशेचा अभ्यास करायला आलेल्या शिकलेल्या माणसांना.

माझा मुलगा यंत्रमागावर होता. आधी नुसती शिंदी प्यायचा. मग शिंदीत झोपेच्या गोळ्या कालवून विकणारे निघाले, आणि हळूहळू शिंदी राहिली बाजूला, गोळ्याच उरल्या. मागासमोर उभ्या उभ्या पेंगायचा. मालकानं काढलं. सून लेकरांना घेऊन दुधनीला माहेरी गेली ती गेलीच. मी तिला बोल लावत नाही, रिक्षात मीच बसवून दिलं तिला.

अशात गल्लीच्या तोंडाला समाजमंदिराच्या खोलीत व्यसन सोडवायचं केंद्र निघालं. तिथं एक डॉक्टरीणबाई बसायच्या. औषध थोडं थोडं कमी करत न्यायच्या, रोज बोलवायच्या, बोलतं करायच्या. माझ्या पोराशी शिवी न घालता बोलणारं ते पहिलंच माणूस म्हणायचं. तो जायचा, मध्येच बुडवायचा, परत जायचा. मी रडकुंडीला आले की बाई म्हणायच्या, "आजी, एकदम सुटत नाही हे. तो येतोय ना? येत राहू दे, बाकीचं मी बघते." त्या एका खोलीवर माझा सगळा जीव टांगलेला होता.

ती खोली कितपत उपयोगी पडली, हे बघायला म्हणून पाहणी आली. आली ती नेमकी श्रावण सरायला दोन दिवस उरले असताना. एक गोड मुलगी, हातात फोन, त्यात प्रश्न. माझ्या मुलाला विचारते, "गेल्या महिन्याभरात नशा किती वेळा केली?"

तो खरंच चिडला. "श्रावण चाललाय ताई. काय इचारायलाय तुमी?"

"म्हणजे शून्य लिहू?"

"शून्यच की."

खोटं नव्हतं ते. हात असा थरथरत होता की बशी धरवत नव्हती, अंगाला घाम, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. पण गोळीला शिवला नव्हता. आतून मन लागलेलं होतं ते श्रावण कधी सरतो याच्याकडं. ते कुठल्या प्रश्नात बसावं?

मी म्हटलं, "पोरी, तू गणपती उठल्यावर ये की. आता काय, सगळी गल्लीच देवमाणूस झालीया."

ती हसली. "आजी, आमचं वेळापत्रक वरून ठरून येतं."

"मग वर सांग, श्रावण हाय म्हणून."

"तसा प्रश्नच नाहीये यात."

शेजारीण दारात उभी राहून ऐकत होती. माझ्यावरच खेकसली, "गप की गं! पोराला चांगलं म्हणायलेत तर तुझं काय दुखायलंय?"

गल्लीतल्या प्रत्येक घरात शून्य लिहिलं गेलं. भाद्रपदात मांडव घालून समारंभ झाला. मोठे साहेब बोलले, उपाय लागू पडला, हितलं काम झालं, आता केंद्र शहराच्या टोकाला, जुळे सोलापूरच्या पलीकडं नेऊ, तिकडं गरज जास्त आहे. म्हणजे औषध लागू पडलं म्हणून औषध बंद! टाळ्या वाजल्या. मग बऱ्या झालेल्यांना टॉवेल, टोपी, नारळ. माझा मुलगा सगळ्यात बिघडलेला, म्हणून सुधारलेल्यांत त्याचा मान पहिला, फोटोही पहिला त्याचाच.

श्रावण संपला त्याच दिवशी त्यानं परत सुरू केलं होतं. खुर्चीवर बसल्या बसल्या डोळे मिटत होते. नारळ हातातून सुटून घरंगळत गेला, आणि लोक हसले. त्यांना वाटलं, लाजला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. नंतर मला कडेला घेऊन म्हणाल्या, "मी वर सांगून बघितलं, आजी. कुणी ऐकलं नाही. त्याला तिकडं पाठवा, मी तिथंच आहे."

पाठवा म्हणे! मी रोज सांगायची, तो रोज उद्यावर ढकलायचा. शेवटी परवा मी रिक्षा दारात आणून उभी केली. तो उंबऱ्यावर बसलेला, दुपारच्या बाराला लाळ गळत होती. मी दंडाला धरलं. "ऊठ. बाईंकडं जायचंय."

उठला नाही. जीभ जड झालेली, पण बोलला ते नीट बोलला.

"अव्वा, दारापतूर जाऊन आलो मी एकदा. तितं भिंतीवर माझा फोटो लावलाय. टॉवेल-टोपीतला. नवीन माणूस आला की दाखवत्यात, ह्यो बगा, सुटला म्हणून. त्या फोटोखाली जाऊन बसू व्हय मी?"

मी दंड सोडला. रिक्षावाला भोंगा वाजवत होता, त्याला जा म्हटलं.